शेल्टरमधून कुत्रा आणायचाय: पिल्लू आणावं की मोठा?

कर्वेनगरची

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी धागा निघाला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

आम्ही पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर, टू बीएचकेत राहतो. मी, नवरा, चौथीतली लेक आणि सासूबाई. आम्ही दोघं नोकरीला, त्यातले थोडे दिवस माझं घरून काम. लेकीने कधीपासून कुत्र्याचा धोशा लावलाय. नवऱ्याला लॅब्रॅडॉरचं पिल्लू हवंय, ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीचा ब्रीडर आहे. मला विकत आणायचं नाही, यावर मी ठाम आहे. कुत्र्याचा अनुभव म्हणाल तर माहेरी सांगलीला एक मोत्या होता, पण तो अंगणातला. घरात कुत्रा पाळणं दोघांनाही नवीन.

रविवारी शहराबाहेरच्या एका शेल्टरला नुसतं बघून येऊ म्हणून गेलो. पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी ही गर्दी! पलीकडे मोठ्या कुत्र्यांची रांग, तिकडे कुणी फिरकत नव्हतं. तिथे एक काळी मादी आहे. चारेक वर्षांची असेल म्हणाले. कानाला खाच, हनुवटीवर थोडे पांढरे केस. बाकीची सगळी जाळीवर उड्या मारून बोंबलत होती, ही मागे गोणपाटावर बसून आमच्याकडे बघत होती. लेक म्हणाली, हीच. नवरा म्हणतो, एवढं मोठं कुत्रं आता आपल्याला काय लावून घेणार?

आता तुम्ही सांगा. मोठं कुत्रं खरंच लळा लावतं का? सासूबाई दिवसभर घरी असतात, गुडघे दुखतात, फिरवताना ओढून पाडलं तर? आणि तो फॉर्म! घर भाड्याचं की स्वतःचं, गावाला गेलात तर कुत्रं कोण बघणार, मूल झालं तर काय करणार. वर घर बघायला येणार म्हणे. आमचं लग्न ठरवताना एवढी चौकशी झाली नव्हती.

खवचट_खारूताई

सासूबाईंना कुणी विचारलंय का? दिवसभर त्यांनाच सांभाळायचंय म्हणून आपलं विचारलं. हलकेच घ्या.

शनिवारवाला

सुट्टीच्या दिवशी एका शेल्टरला हातभार लावायला जातो, त्या जोरावर लिहितोय. प्रतिसाद लांबणार आहे.

मोठं कुत्रं लावून घेतं, हे कितीदा बघितलंय त्याला गणती नाही. त्याला वेळ लागतो एवढंच. उलट तुमच्या घरची परिस्थिती वाचून पिल्लाचीच मला काळजी वाटते. पिल्लू दर दोन तासांनी शू करतं, रात्री रडतं, दात शिवशिवायला लागले की चार्जरच्या वायरी, चपला, सोफ्याचे कोपरे काही सोडत नाही. हे सगळं दिवसभर निस्तरणार कोण? गुडघे दुखणाऱ्या आजी. वर, देशी पिल्लू मोठं होऊन केवढं होईल, स्वभावाने कसं निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. चार वर्षांचं कुत्रं समोर आहे ते तसंच आहे. उंची, वजन, खोड्या, सगळं उघड.

शेल्टरमध्ये दत्तक द्यायला कोण असतं तेही समजून घ्या. रस्त्यावरची कुत्री तिथे कायमची ठेवतात असं पुष्कळांना वाटतं. नसबंदीसाठी धरून आणलेलं कुत्रं ऑपरेशन आणि रेबीजची लस झाली की जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं, असा केंद्राचा नियम आहे. आधी २००१ चे नियम होते, आता २०२३ चे आहेत. कानाची खाच ही त्याचीच खूण, म्हणजे लांबूनही ओळखता येतं. मग मागे उरतात कोण? अपघातातून उठलेली पण परत रस्त्यावर टिकणार नाहीत अशी, आई मेलेली पिल्लं, आणि लोकांनी आणून सोडलेली घरची कुत्री. या तिसऱ्या प्रकारात लॅब असतात, हस्की असतात, शिट्झू असतात, ब्रीडरने पिल्लं काढून काढून चिपाड केलेल्या माद्या असतात. लॉकडाऊनमध्ये हौसेने आणलेली कितीतरी कुत्री ऑफिसं उघडल्यावर अशीच आली. तेव्हा तुमच्या ह्यांना लॅबच हवा असेल तर तोही शेल्टरमध्ये मिळेल, फक्त पिल्लू नसेल.

आता काळीबद्दल. मागे शांत बसलेलं कुत्रं शांतच असतं असं नाही. काही भीतीने थिजलेली असतात. शेपूट पोटाखाली, सारख्या जांभया, ओठ चाटणं, नजर चुकवणं असं काही दिसतंय का बघा. आणि जी जाळीवर उड्या मारतात ती द्वाड असतात असंही नाही, पिंजऱ्यात दिवस काढून कुणीही भुंकेल. म्हणून पिंजऱ्याबाहेर, मोकळ्या जागेत आणायला सांगा. तळहातावर उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवा. भ्यालेलं कुत्रं आवडता खाऊसुद्धा घेत नाही. घेतला तर बरंच काही कळलं.

आणि एक करा. रील बघून ठरवू नका, ऑफिसात बसलेल्यालाही फार विचारू नका, त्याच्यामागे पन्नास कामं असतात. सकाळी पिंजरे धुणारी मावशी किंवा दादा असेल त्यांना गाठा. खाताना भांड्याला कोण हात लावू देत नाही, झाडू बघून कोण कोपरा धरतं, कुणाचं कुणाशी पटत नाही, ही सगळी कुंडली त्यांच्याकडे असते. चहा पाजा, सावकाश बोला.

फॉर्मचा राग मानू नका. राखणीला म्हणून नेऊन फार्महाऊसवर जन्मभर साखळीला बांधणारे लोक येतात. लेकीच्या वाढदिवसाला पिल्लू नेऊन महिन्याभरात परत आणणारे येतात. घर बघायला येणारी माणसं तुमचे पडदे बघायला येत नाहीत, गॅलरीच्या गजांमधून कुत्रं पडेल का आणि घरातल्या सगळ्यांना ते खरंच हवंय का, हे बघतात. जे शेल्टर काहीही न विचारता कुत्रं हातात देतं, तिथून मी तरी आणणार नाही.

मनीमाऊ_पुणे३८

शनिवारवाला, सविस्तर प्रतिसाद. वाचनखूण साठवली. पिंजरे धुणाऱ्या मावशींच्या मुद्द्याला तर लाख अनुमोदन. आमची मनी अशीच मिळाली, पण ती मांजर, म्हणून गप्प बसते.

बिनपगारी_सेक्रेटरी

वाईटपणा मी घेतो. आमच्या सोसायटीत कुत्र्यांवरून जेवढी भांडणं झालीत तेवढी पार्किंगवरून नाहीत. लिफ्टमध्ये शू, पॅसेजमध्ये केस, दुपारी मालक ऑफिसात आणि कुत्रं दारामागे अखंड भुंकतंय. प्रेम करा हो, पण शेजारच्याच्या झोपेच्या जिवावर नको. दत्तक घेताना शेजाऱ्यांची संमती का घेत नाहीत?

हिरवी_मिरची

कारण लागत नाही. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच परिपत्रक काढलंय, सोसायटीला कुत्री पाळायला बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी. लिफ्टही नाकारता येत नाही.

बिनपगारी_सेक्रेटरी

परिपत्रक मला पाठ आहे, ताई. त्यात मालकाने घाण उचलावी, इतरांना त्रास होऊ देऊ नये हेही लिहिलंय. तो परिच्छेद कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही.

हिरवी_मिरची

मान्य. आमच्या इमारतीत पिशवी घेऊन फिरणारी मी एकटीच. बाकीचे 'देशी खत आहे' म्हणून पुढे जातात.

गुरांचा_डॉक्टर

कोल्हापूरकडे प्रॅक्टिस आहे. जन्म गाई-म्हशींत गेला, पण हल्ली दवाखान्यात निम्मी गर्दी कुत्र्यांची असते. वैद्यकीय बाजू कुणी लिहिली नाही म्हणून.

शेल्टरच्या कार्डावर रेबीजची लस बहुधा असतेच. नाइन-इन-वन असेलच असं नाही, ते तारखेसकट बघा. ही लस डिस्टेंपर, पार्व्हो या जीवघेण्या रोगांवर आणि लेप्टोच्या, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या, काही जातींवर असते. पुण्याच्या पावसाळ्यात, उंदरांच्या राज्यात, लेप्टो विसरून चालत नाही.

घरी न्यायच्या आधी किंवा नेल्याबरोबर सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, करून घ्या, गोचीड तापाची तपासणीही. देशी कुत्रं कणखर असतं हे खरं, पण गोचीड ताप त्यालाही सोडत नाही. खाणं बंद, अंग गरम, हिरड्या फिक्या, कधी नाकातून रक्त. प्लेटलेट इतक्या खाली येतात की मालकाच्या हातातला रिपोर्ट थरथरतो. वेळेत सापडला तर औषधाने बरा होतो, कोर्स मोठा असतो, मध्येच सोडायचा नाही. मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या देऊ नका.

पिल्लाचं म्हणाल तर, आज उड्या मारणारं पिल्लू घरी नेल्यावर चौथ्या दिवशी पार्व्होने आडवं पडलेलं मी बघितलंय. शेल्टरचा दोष असतोच असं नाही, रोग अंगात आधीच मुरत असतो, नंतर दिसतो. म्हणून नवीन पिल्लाला पंधरा दिवस बाहेरच्या कुत्र्यांत नेऊ नये. चार वर्षांच्या मादीला ही भीती फार कमी. नसबंदी झालेली असेल तर माजाचा त्रास नाही आणि गर्भाशयात पू होण्याचा धोकाही जवळपास गेला. खर्चाच्या बाजूने बघितलं तरी पहिल्या वर्षात मोठं कुत्रं स्वस्त पडतं.

लहान मूल आहे म्हणून हेही लिहितो. दात लागला, लस झालेल्या कुत्र्याचा का असेना, तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

कर्वेनगरची

बापरे, किती भरभरून लिहिताय सगळे. खूप आभार.

खारूताई, सासूबाईंना विचारलं! "घरात नको, गॅलरीत चालेल" असं म्हणाल्या. नंतर रात्री, "गॅलरीत ऊन फार येतं, दुपारचं आत घ्यावं लागेल." मी पुढे काही बोलले नाही.

एक गहन प्रश्न राहिला. आमचं घर शाकाहारी आहे. अंडंसुद्धा नवरा बाहेर खातो. मग कसं करतात?

खवचट_खारूताई

कुत्रा आला की नवऱ्याचं अंडं घरात येतं. अनुभव आहे. पातेलं मात्र वेगळं.

गुरांचा_डॉक्टर

मांजराला मांस लागतंच. कुत्र्याचं शाकाहारावर भागू शकतं, पण नुसत्या दूध-पोळीवर नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कुत्री दूध-पोळीवर काढली आणि पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, लहानपणीचं कुत्रं किती वर्षं जगलं ते. तयार खाद्य घेणार असाल तर पाकिटावर 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं बघून घ्या. सोबत दहीभात, पनीर, उकडलेला लाल भोपळा चालेल. अंड्याला घरातून मंजुरी मिळाली तर उत्तम.

न चालणाऱ्या गोष्टी: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे. बेदाणे यासाठी की सत्यनारायणाच्या शिऱ्यात ते असतात आणि प्रसाद म्हणून आजी हमखास चिमूटभर देतात. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा बेदाण्यांनीही जातात. साखर नसलेलं च्युइंगमही नको, त्यात झायलिटॉल असतं. शिजवलेलं हाड नको, त्याचे तुकडे होतात.

बर्लिनकर

मी गेली काही वर्षं बर्लिनमध्ये आहे. इथल्या 'टिअरहाइम'मधून, म्हणजे शेल्टरमधून, मित्राने कुत्रा घेतला तेव्हा सोबत गेलो होतो. फॉर्मचा वैताग वाचून हसू आलं. इथे घरमालकाचं लेखी पत्र लागतं, कुत्र्याशी ओळख व्हावी म्हणून परत परत जावं लागतं, आणि शेवटी ते म्हणू शकतात की हा कुत्रा तुम्हाला देत नाही, पलीकडचा बघा. वर कुत्र्याचा कर! बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो. कुत्र्याने कुणाचं नुकसान केलं तर त्यासाठीचा विमाही सक्तीचा. रस्त्यावर मोकळं कुत्रं दिसत नाही ते असं. मात्र इथेही म्हाताऱ्या आणि मोठ्या कुत्र्यांना घर मिळायला वेळ लागतो, तिथे देशाचा काही संबंध नाही.

हिरवी_मिरची

कर नको, निदान सोडून देणाऱ्यांना दंड तरी धड हवा. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात पाळीव प्राणी टाकून देणं गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत वडापावसुद्धा दोनच येतात.

अण्णा_ठाणे

विषयांतराची परवानगी घेऊन: कुत्र्यांवरून मुंबईत दंगल झाली होती हे किती जणांना ठाऊक आहे? १८३२ साली. कंपनी सरकार उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायला बक्षीस देत असे. त्याविरुद्ध पारशी मंडळींनी कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, बंद पाळला, गोऱ्यांचा पाव-पाण्याचा पुरवठा अडवला. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरचा अत्याचार रोखणारी संस्था निघाली, परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल तिचंच. आमच्या चाळीतला वाघ्या तिथे दाखल असताना वडील रोज डबा घेऊन जात, कुत्र्याला भेटायला. वॉर्डबॉय हसायचे.

मनीमाऊ_पुणे३८

अण्णा, वेगळा धागा काढा ना यावर!

निनावी_नागपूर

मला एक कळत नाही. सुप्रीम कोर्टाने सगळी कुत्री शेल्टरमध्ये टाकायला सांगितलीत ना? मग आता शेल्टरं भरतील, लोक का नेतील?

शनिवारवाला

दोन आदेशांची गल्लत होतेय. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली परिसरापुरता होता, सगळी मोकाट कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडा, रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी मात्र सोडू नका. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे सोडू नये, असा आणखी एक आदेश आला. दत्तकाचा उल्लेख ऑगस्टच्या आदेशातच आहे. कुणाला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर महापालिकेकडे अर्ज करता येतो, आणि ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. बाकी राजकारण इथे नको, धागा बंद पडेल.

गोंयचो_बोकडो

आमच्या गोव्याची तऱ्हा वेगळी. हंगामात शॅकवाले, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाणावळींचे लोक, आणि पर्यटक मिळून किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना पोसतात. जूनला शॅक उतरले की त्यांना खायला घालणारं कुणी नसतं. तेव्हा आमच्या शेल्टरांची खरी धावपळ. आणि दर वर्षी मुंबई-पुण्याचं एखादं जोडपं येतं, चार दिवस बीचवरच्या कुत्र्याबरोबर फोटो काढतं आणि म्हणतं, ह्याला आम्ही घेऊन जातो. दहाव्या मजल्यावर! अरे, तो समुद्रावर वाढलाय, दिवसभर खेकड्यांमागे धावतो, त्याला तुमची लिफ्ट कशाला? शेल्टरवाले नाही म्हणाले की ह्यांना राग.

एक चांगलंही सांगतो. गोव्यात घरोघर, वाड्यावाड्यावर फिरून जाळ्याने कुत्री धरून रेबीजची लस दिली, वर्षानुवर्षं. २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित राज्य म्हणून गोवा जाहीर झाला, देशात पहिला. कुत्री मारून नाही झालं ते.

कर्वेनगरची

ताजी खबर. काल परत गेलो, सासूबाईंना घेऊन.

शनिवारवाला, तुमच्या मावशी सापडल्या! आमच्या प्रश्नांवर त्या आधी 'सगळी गुणाची हायत' एवढंच म्हणत होत्या. मग लेकीने त्यांच्याबरोबर दोन पिंजऱ्यांत पाण्याची भांडी भरली, तेव्हा मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "ही पिंजऱ्यात घाण करत न्हाई. मी सकाळी येईस्तोवर धरून ठेवती, दार उघडलं की पळत त्या कोपऱ्यात. घरात ऱ्हायलेली हाय ही, कुणी तरी सोडली." हे ऑफिसच्या कार्डावर कुठेच नव्हतं. आणि, "दुसरी मादी जवळ आली की हिचं डोकं फिरतं, गड्यांशी काही न्हाई." पाण्याच्या पाइपला घाबरते, तो सरपटला की टेबलाखाली.

मोकळ्यावर आणल्यावर तिने आमच्याकडे ढुंकून बघितलं नाही. पटांगणाच्या कडेकडेने नाक खाली घालून अख्खी फेरी मारली, प्रत्येक खांब तपासला. मग थेट सासूबाईंच्या पिशवीत तोंड. डब्यात दशम्या होत्या. सासूबाई ओरडल्या, "अगं ए, थांब!" आणि ती चक्क थांबली, मागे सरून बसली. कुणी तरी शिकवलंय तिला. अर्धी दशमी मिळाली मग. चिकन न नेताही परीक्षा झाली. चालताना पट्टा ओढत नाही, फक्त ऑफिसच्या लोखंडी जाळीच्या जिन्यावर पाय टाकायला तयार नाही.

नवरा मधल्या वेळात गायब. बघितलं तर पलीकडे एका सात वर्षांच्या लॅबच्या पिंजऱ्यासमोर उकिडवा बसलेला. बिल्डरने सोडलाय म्हणे, कंबरेत दुखणं आहे. आता घरी येताना मलाच विचारतो, दोन झेपतील का?

खवचट_खारूताई

लॅबवाल्याचं मन वितळलं. चला, ब्रीडर गेला.

शनिवारवाला

दोन एकदम अजिबात नको! पहिल्यांदा पाळताय. लॅबसाठी ओळखीत घर शोधा, किंवा नवऱ्याला शनिवारी त्याला फिरवायला पाठवा. शेल्टरांना फिरवणारे हात हवेच असतात.

काळीसाठी आधी पंधरा दिवस फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, मागा, बहुतेक ठिकाणी देतात. सासूबाईंना, तुम्हाला, तिलाही कळेल. पंधरा दिवसांत न जमल्याने परत आली तर बिघडत नाही, वर्षभराने परत आली तर ती खचते.

पहिल्या दिवसांबद्दल लिहितो, कारण यात भलेभले फसतात. शेल्टरमधून आलेली कुत्री सर्वात जास्त हरवतात ती पहिल्या काही दिवसांत. गळ्यातला पट्टा सैल असतो, रिक्षाचा हॉर्न वाजतो, कुत्रं मान मागे घेतं आणि पट्टा तुमच्या हातात उरतो. देशी कुत्र्याचं डोकं निमुळतं, मान जाड, साधा पट्टा सहज निसटतो. अंगात घालायचा हार्नेस घ्या, गळ्यातही पट्टा ठेवा, दोरी दोन्हींत अडकवा. गळ्यातल्या बिल्ल्यावर नवऱ्याचा आणि तुमचा, दोन्ही नंबर. घराचं दार उघडताना कुत्रं कुठे आहे ते बघून मगच उघडायचं. दूधवाला, कचरेवाल्या ताई, कुरिअर, यांच्या वेळेला तर नक्कीच.

आल्या दिवशी अंघोळ नको, पाहुणे नकोत, लेकीच्या मैत्रिणी तर मुळीच नकोत. एक कोपरा, चटई, पाणी. जेवत नसेल तर दामटू नका. पहिले तीन दिवस गोंधळ, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत आपलं घर वाटतं, असा शेल्टरवाल्यांचा ढोबळ हिशेब असतो. खरा स्वभाव नंतर बाहेर पडतो. पहिल्या आठवड्यात गरीब वाटणारी तिसऱ्या आठवड्यात सोफ्यावर हक्क सांगायला लागते. ते चांगलं लक्षण आहे.

लेकीला दोन नियम: जेवताना आणि झोपलेली असताना हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही. कुत्र्याला मिठी आवडते हा आपला समज.

गुरांचा_डॉक्टर

वरच्याला जोड. लॅबच्या कंबरेचा एक्स-रे काढायला सांगा शेल्टरला, वजन उतरवलं तरी अर्धं दुखणं जातं. हल्ली लॅब म्हणजे पिंप असतात, घरोघर बिस्किटं. मारी बिस्कीट हा आमच्या धंद्याचा आधारस्तंभ आहे.

निनावी_नागपूर

कर्वेनगरची, महापालिकेचा परवाना पण काढा. रेबीज लसीचं कार्ड लागतं त्याला.

कर्वेनगरची

हो, नोंद केली. शेल्टरच्या ताई शुक्रवारी घर बघायला येतायत. गॅलरीला जाळी लावायला माणूस सांगितलाय. सासूबाईंनी जुनी चादर धुऊन ठेवली आहे, गॅलरीत नव्हे, स्वतःच्या खोलीत.

एकच धास्ती आहे, सोसायटी. आमचे सेक्रेटरी कुत्र्यांच्या नावाने शंख करतात. आधी कळवावं की आणून मग?

हिरवी_मिरची

आणून मग. परवानगी मागितली की नाकारायची संधी मिळते.

बिनपगारी_सेक्रेटरी

सेक्रेटरी म्हणून सांगतो, आधी कळवा. परवानगी मागू नका, माहिती द्या. अर्ज नाही, पत्र. "आम्ही अमुक तारखेपासून एक कुत्री सांभाळत आहोत, नसबंदी झाली आहे, लसीकरणाच्या कार्डाची प्रत जोडली आहे, घाण आम्ही उचलू, तक्रार असल्यास या नंबरवर फोन करावा." एवढंच. पोच घ्या, शिक्क्यासह. समोरच्या आणि खालच्या मजल्यावर मात्र स्वतः जाऊन सांगा, जमलं तर सासूबाईंनाच पाठवा, ज्येष्ठांना कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. आणि पत्रात लिफ्टचा विषय काढू नका. कुणी विचारलं तरच ते २०१५ चं परिपत्रक पुढे करा.